गाडीतला अबोला

"स्टेशनवरून रिक्षा करून ये. मी गाडी घेऊन येणार नाही. गाडीचा भरवसा राहिलेला नाही," काकांनी फोनवर सांगितलं आणि मी चक्रावलेच.

आत्याच्या यजमानांना आम्ही भावंडं लहानपणापासून काकाच म्हणतो. काकांची सगळी नोकरी जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत झाली. लष्कराचा 'शक्तिमान' ट्रक या गावात बनत असे. जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्यानं १९५९ मध्ये तो गन कॅरेज फॅक्टरीत तयार होऊ लागला. पुढे ते काम १९६९ साली उभ्या राहिलेल्या व्हेईकल फॅक्टरीत गेलं आणि १९९६ पर्यंत चाललं. काकांचं तारुण्य या ट्रकच्या वायरिंगमध्ये गेलं. हातात एक टेस्ट लॅम्प दिला की काका कुठलाही बिघाड शोधून काढतात, अशी त्यांची ख्याती. त्या माणसानं स्वतःच्या छोट्या मोटारीपुढे हात टेकावेत?

घरी पोहोचल्यावर खरा प्रकार कळला. आत्याचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. रांझीच्या घरापासून मेडिकल कॉलेज म्हणजे शहराचं पार दुसरं टोक. पहाटे निघायचं, दुपारी परतायचं. परतताना आत्या इतकी गळून गेलेली असते, की रिक्षातले धक्के तिला सोसत नाहीत. म्हणून ही गाडी. आणि गेल्या महिनाभरात नेमक्या याच गाडीनं तीनदा रस्त्यात रंग दाखवले होते.

"चालता चालता मीटरमधले चार दिवे एकदम पेटतात," काका सांगू लागले. "एबीएसचा, स्टिअरिंगचा, हँडब्रेकचा, आणखी कसला तरी. वेगाचा काटा धाडकन शून्यावर. गाडी चाळीसनं पळतेय आणि काटा म्हणतो, उभी आहे! त्याच वेळी स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. मग दहा मिनिटांनी सगळं आपोआप ठीक. जणू काही झालंच नाही."

गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवून झाली होती. तिथे स्कॅनर लावला, कोड निघाला आणि निकाल मिळाला: एबीएसचं युनिट गेलं, नवीन टाकावं लागेल. खर्च चाळीस हजारांच्या वर. काकांनी बँकेतली एक ठेव मोडायचं ठरवलंही होतं. "पैसे गेले तरी चालतील, पण हिला घेऊन मध्येच थांबायला नको," असं ते म्हणाले, तेव्हा आत्या तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिली.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी असा प्रसंग येऊन गेला असेल. गाडीत जितकी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा वाढली, तितकं 'अमुक मॉड्यूल गेलं, बदला' हे वाक्य जास्त ऐकू येऊ लागलं. दर वेळी ते खोटं नसतं. पण दर वेळी ते खरंही नसतं, हे मला रिछाईला कळलं.

रिछाईचा मिस्त्री

रिछाई म्हणजे जबलपूरची औद्योगिक वसाहत. छोटे कारखाने, फॅब्रिकेशनची कामं, पत्र्याच्या शेड. काकांच्या एका जुन्या सहकाऱ्यानं तिथल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनचं नाव सुचवलं. "ठेव मोडायच्या आधी एकदा त्याला दाखवा. तो पार्ट विकत नाही," एवढीच त्याची शिफारस. मला ती फार मोलाची वाटली.

मिस्त्री पस्तिशीचा. आयटीआय झालेला. शेडमध्ये एका बाजूला स्कॅनर, मल्टिमीटर, आणि दुसऱ्या बाजूला खिळ्याला टांगलेला एक साधा दिवा: जुन्या इंडिकेटरचा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन तारा. तो बघून काकांची कळी जरा खुलली.

मिस्त्रीनं आधी बॉनेट उघडलंच नाही. तो प्रश्न विचारत बसला. दिवे कधी पेटतात? पावसात की उन्हात? खड्ड्यात गाडी आदळल्यावर की सरळ रस्त्यावर? बॅटरी कधी बदलली? गाडीत नंतर काही बसवलं का, म्हणजे म्युझिक सिस्टिम, कॅमेरा, फॉग लॅम्प? उंदरांचा त्रास आहे का? काकांनी एकेकाचं उत्तर दिलं. पावसाळा सुरू झाल्यापासून त्रास आहे. खड्ड्यांत जास्त. बॅटरी दीड वर्षापूर्वी बदलली. बाहेरचं काही बसवलेलं नाही.

मग त्यानं बॅटरी तपासली. गाडी बंद असताना १२.५ व्होल्ट, सुरू करताना दहाच्या वर, इंजिन चालू झाल्यावर १४ च्या आसपास. "बैटरी ठीक है," तो म्हणाला. ही पहिली पायरी पुष्कळ जण गाळतात. बॅटरी मरतुकडी असेल तर स्टार्टर मारताना व्होल्टेज इतकं खाली येतं, की गाडीतली अर्धी यंत्रणा क्षणभर बेशुद्ध पडते आणि एकमेकांविरुद्ध खोट्या तक्रारी नोंदवून ठेवते.

पण या 'तक्रारी' म्हणजे काय? आणि कोण कोणाकडे करतं?

एका ओटीवर सगळ्यांचं बोलणं

जुन्या गाडीत प्रत्येक कामाला वेगळी तार असे. बटणापासून दिव्यापर्यंत एक, सेन्सरपासून काट्यापर्यंत दुसरी. सोयी वाढल्या तशा तारा वाढल्या, आणि ऐंशीच्या दशकात मोठ्या गाड्यांत तारांची जुडी मनगटाएवढी जाड होऊ लागली. जर्मनीतल्या बॉश कंपनीच्या अभियंत्यांनी १९८३ मध्ये यावर काम सुरू केलं आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला भरलेल्या अभियंत्यांच्या परिषदेत आपली पद्धत जगापुढे मांडली. तिचं नाव 'कॅन'. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत ती आली आणि पुढे हळूहळू साध्या गाड्यांपर्यंत उतरली. आज आपल्याकडच्या लहानशा मोटारीतही ती असते.

पद्धत घरगुती उदाहरणानं सहज कळते. वाड्यात एकच ओटी आहे आणि घरातली सगळी माणसं तिथे बसलेली आहेत. ज्याला जे सांगायचं ते त्यानं मोठ्यानं सांगायचं. सगळ्यांना ऐकू जातं. ज्याच्या कामाचं असेल तो लक्ष देतो, बाकीचे सोडून देतात. एबीएसचं युनिट चाकांच्या सेन्सरवरून वेग मोजतं आणि ओटीवर सांगतं, 'वेग चाळीस.' मीटर ते ऐकून काटा हलवतो. स्टिअरिंगची मोटर ते ऐकून हात किती हलका ठेवायचा ते ठरवते. इंजिनही ते ऐकतं. एकाच सेन्सरवर चौघांचं भागतं, चार वेगळ्या तारा लागत नाहीत. दोघं एकाच वेळी बोलू लागले तर काय? ज्याचा निरोप जास्त तातडीचा, तो पुढे बोलतो, दुसरा आपण होऊन थांबतो. निरोपावरच्या क्रमांकावरून हे ठरतं. वडीलधारं कोणी मध्ये पडावं लागत नाही.

आता काकांच्या गाडीचा प्रकार उलगडू लागतो. एबीएसचं युनिट गप्प झालं, की मीटरला वेग कळत नाही, म्हणून काटा शून्यावर. स्टिअरिंगला वेग कळत नाही, म्हणून ते सावध पवित्रा घेऊन जड होतं. चार दिवे पेटले म्हणजे चार बिघाड झाले असं नाही. एकानं अबोला धरला आणि बाकीचे हवालदिल झाले, एवढंच.

मात्र अबोला का धरला, हा प्रश्न उरतोच. माणूस आजारी असल्यामुळे गप्प आहे, की त्याला खोलीत कोंडलंय, की त्याला दोन दिवस जेवायलाच मिळालेलं नाही? तिन्ही प्रकारांत ओटीवर ऐकू येणारी गोष्ट एकच: शांतता. स्कॅनर फक्त ती शांतता नोंदवतो.

कोण कोणाबद्दल रडतंय?

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. स्कॅनर तिथे लागतो. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ही व्यवस्था सक्तीची झाली. भारतात ती २०१० आणि २०१३ अशा दोन टप्प्यांत बंधनकारक झाली. कोडची पहिली खूण इंग्रजी अक्षराची असते. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरकडचा, 'सी' म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगकडचा, 'बी' म्हणजे बॉडीकडचा. 'यू' आलं की समजायचं, तक्रार बोलण्याबद्दलची आहे.

वर्कशॉपनं इंजिनच्या संगणकातला एकच कोड वाचला होता: यू ०१२१. अर्थ, 'एबीएसशी संपर्क तुटला.' त्यावरून त्यांनी एबीएस युनिट दोषी ठरवलं. मिस्त्रीनं मात्र गाडीतल्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये जाऊन कोड वाचले आणि वहीत तीन ओळी लिहिल्या. इंजिन म्हणतं, एबीएस बोलत नाही. स्टिअरिंग म्हणतं, एबीएस बोलत नाही. मीटर म्हणतो, एबीएस बोलत नाही. एबीएसच्या स्वतःच्या पोटात मात्र एकच नोंद होती, पुरवठ्याचं व्होल्टेज कमी पडल्याची.

"दीदी, मशीन झूठ नहीं बोलती, पर पूरी बात भी नहीं बताती," मिस्त्री मला म्हणाला. मग त्यानं आपला हिशेब समजावून सांगितला. तो मी वहीत उतरवून घेतला, कारण तो कोणालाही कळण्यासारखा आहे.

सगळे जण एकाच्याच नावानं रडत असतील, तर त्या एकाकडे जा. पण तो एक म्हणजे फक्त त्याचं युनिट नव्हे. त्याचा करंट, त्याची अर्थ, त्याचं कपलर आणि त्याच्यापर्यंत जाणारी फांदी, हे सगळं त्यात आलं. एक जण बाकी सगळ्यांच्या नावानं रडत असेल, तर बहुधा तोच एकटा पडलेला आहे. आणि सगळेच सगळ्यांच्या नावानं रडत असतील, तर मुख्य लाईनमध्ये घोटाळा आहे.

साठचा आकडा

पुढची तपासणी मुख्य लाईनची. कॅनची लाईन म्हणजे एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा. कोणी बोलत नसतं तेव्हा दोन्हींवर सुमारे अडीच व्होल्ट असतात. कोणी बोलू लागलं की एक साडेतीनकडे चढते, दुसरी दीडकडे उतरते. ऐकणारे या दोहोंमधला फरक तेवढा बघतात. बाहेरून एखाद्या मोटरची किंवा स्पार्कची खरखर आली, तर ती दोन्ही तारांवर सारखीच चढते आणि फरक तोच राहतो. पीळ घालण्याचं कारण हेच. म्हणून अशी तार तुटली तर पीळ सोडून लांबलचक जोड देणं चूक. जोडणारा मन लावून काम करतो, पण गाडी पुन्हा चाळे करू लागते.

या लाईनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोध बसवलेला असतो. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो तसा तारेच्या टोकाला निरोप आपटून परत येऊ नये, म्हणून तो असतो. दोन रोध समांतर असल्यामुळे एकत्र मोजले तर ६० ओहम भरतात. मिस्त्रीनं बॅटरीची वायर सोडली, काही मिनिटं थांबला आणि सॉकेटच्या सहाव्या व चौदाव्या पिनेला मल्टिमीटर लावला. काटेकोर साठ!

"१२० आले असते तर?" मी विचारलं.

"तर एका टोकाचा रोध हरवला, म्हणजे लाईन कुठेतरी तुटली," उत्तर काकांनीच दिलं. हिशेबाचा धागा त्यांच्या हाती आला होता. "आणि शून्याच्या जवळ आले असते तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या."

बरोबर! अशा वेळी एकेक मॉड्यूलचं कपलर काढत जायचं आणि कोणतं काढल्यावर लाईन सुधारते ते बघायचं. मात्र हा साठचा आकडा सगळ्या गाड्यांना लागू नाही, असं मिस्त्रीनं बजावलं. काही गाड्यांत सॉकेटच्या मागे आणखी एक मध्यस्थ पेटी असते, तिथे वेगळा आकडा येतो. त्या त्या गाडीचा नकाशा बघूनच बोलायचं.

इथे मात्र लाईन निर्दोष ठरली. उरलं एबीएसचं युनिट आणि त्याला मिळणारा पुरवठा.

दिवा लावून बघितला

मिस्त्रीनं एबीएसचं कपलर काढलं. त्यातल्या करंटच्या आणि अर्थच्या पिनेवर मल्टिमीटर धरला. १२.४ व्होल्ट. म्हणजे पुरवठा ठीक? मला तसंच वाटलं. वर्कशॉपलाही तसंच वाटलं असेल.

मग त्यानं खिळ्यावरचा तो दिवा काढला आणि त्याच दोन पिनांना जोडला. दिवा पेटला, पण कसा? देवघरातल्या समईसारखा, मंद पिवळा. दिवा पेटता ठेवून त्यानं अर्थची पिन आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यामध्ये मल्टिमीटर लावला. तीन व्होल्टच्या वर! चांगल्या अर्थमध्ये हा आकडा जवळजवळ शून्य यायला हवा.

रिकामी दोरी धडच दिसते. भरलेली बादली लटकवली, की ती किती झिजली आहे ते कळतं. मल्टिमीटर नुसतं व्होल्टेज बघतो, तो तारेवर ओझं टाकत नाही. दिवा ओझं टाकतो. एबीएसचं युनिट जागं होऊन काम करू लागलं, की याच झिजलेल्या दोरीवर ओझं पडत होतं, व्होल्टेज कोसळत होतं आणि युनिट गप्प होत होतं. आजारी नव्हतंच ते. उपाशी होतं.

अर्थची तार धरत धरत मिस्त्री बॅटरीच्या खालच्या बाजूला बॉडीवरच्या एका बोल्टपाशी पोहोचला. बोल्ट हिरवट-पांढऱ्या बुरशीनं माखलेला. त्यानं पाना लावला, बोल्ट सोडला आणि हातात दोन थिंबल आली. एक कंपनीनं दिलेली, एबीएसची. आणि तिच्या व बॉडीच्या मध्ये सरकवलेली दुसरी, साध्या लाल तारेची, गंजून काळी पडलेली.

"ये किसने लगाया?" त्यानं विचारलं.

शेडमध्ये क्षणभर कोणी बोललं नाही. मग काका खाली बघत म्हणाले, "मैंने."

दोन वर्षांपूर्वी काकांनी गाडीला एक मोठा हॉर्न बसवला होता. रांझीच्या चौकात ट्रकवाले बाजू देत नाहीत म्हणून. स्वतःच्या हातानं, घरच्या अंगणात. अर्थ द्यायला जवळचा बोल्ट दिसला, तिथे तार अडकवली. शक्तिमानमध्ये असं कितीदा केलं असेल! 'बाहेरचं काही बसवलेलं नाही' असं मघाशी सांगताना त्यांना हॉर्न आठवलाही नव्हता. हॉर्न म्हणजे काय बसवणं का?

जुन्या गाडीत अर्थ थोडी कच्ची झाली तर दिवा जरा मंद जळायचा, हॉर्न घोगरा व्हायचा. माणसाला ते दिसायचं, ऐकू यायचं. नव्या गाडीत त्याच कच्च्या बोल्टवर एक संगणक बसलेला असतो. त्याला पोटभर करंट मिळाला नाही तर तो मंद होत नाही, एकदम गप्प होतो. आणि त्याच्या गप्प होण्याचे पडसाद चार ठिकाणी उठतात.

मिस्त्रीनं पॉलिश पेपरनं बॉडीचा पत्रा चकचकीत होईतो घासला, एबीएसची थिंबल साफ केली, नवा बोल्ट आणि दातेरी वायसर टाकून आवळली, वरून ग्रीसचा हात दिला. हॉर्नची तार वेगळ्या जागी घेतली. पुन्हा दिवा लावला. या वेळी तो डोळ्यांत भरण्याइतका लख्ख पेटला. मल्टिमीटरवर अर्थचा आकडा ०.१ च्याही खाली. जुने कोड पुसून त्यानं काकांना शेजारी बसवलं आणि वसाहतीतल्या सगळ्यांत वाईट रस्त्यावरून गाडी अर्धा तास फिरवून आणली. नंतर पुन्हा सगळ्या मॉड्यूलमधले कोड वाचले. एकही नवी नोंद नाही.

मजुरी आठशे रुपये. काका हजार देत होते, त्यानं दोनशे परत केले.

दोष कोणाचा?

मोठ्या वर्कशॉपनं फसवलं, असं मी म्हणणार नाही. कोडमध्ये एबीएसचं नाव होतं, त्यांनी एबीएस सांगितलं. रोज अमुक गाड्या बाहेर काढायच्याच असतात, अर्थच्या बोल्टमागे तासभर घालवायला कोणाला सवड? पण चोर सोडून संन्याशाला फाशी, तसा हा प्रकार झाला असता. आणि यातला सर्वांत वाईट भाग पुढेच आहे. नवं युनिट टाकताना बॅटरी काढतात, कपलर हलतात, त्या हलवाहलवीत कधी कधी बिघाड तात्पुरता दबतो. गाडी आठ दिवस नीट चालते, पैसे चुकते होतात, आणि एका पावसाळी पहाटे पुन्हा चार दिवे पेटतात. काकांच्या बाबतीत त्या पहाटे गाडीत आत्या असती.

जबलपूरचा पाऊस आणि काकांचा हॉर्न हे एक उदाहरण झालं. आपल्याकडे कारणं वेगळी असतात, रोग तोच. कोकणात खारी हवा कपलरच्या पिना खाते. चाळीत आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर तारा कुरतडतात. सांगली-कोल्हापूरच्या २०१९ च्या महापुरासारखं पाणी गाडीत शिरलं, तर सतरंजी वरून वाळते, पण खालची कपलरं महिनोन्महिने ओली राहून हिरवी पडतात. आणि बाजारात बसवलेल्या म्युझिक सिस्टिम, कॅमेरे, सेंट्रल लॉक यांच्या तारा नेमक्या कुठे टोचल्या आहेत, हे बसवणाऱ्यालाच ठाऊक!

गॅरेजमध्ये हे विचारा

हे वाचून कोणी स्वतः तारा उपसायला बसू नये. विशेषतः पिवळ्या कपलरना हात लावू नका, त्या बहुधा एअरबॅगच्या असतात. पण महागडं मॉड्यूल बदला असं कोणी सांगितलं, तर पुढचे प्रश्न न बिचकता विचारावेत.

एक, कोड एकाच मॉड्यूलमधून वाचले की सगळ्यांमधून? पुसण्याआधी त्यांची यादी मला लिहून द्या.

दोन, बॅटरी तपासली का? गाडी सुरू करताना व्होल्टेज किती खाली येतं?

तीन, ज्या मॉड्यूलला दोष देताय, त्याचा करंट आणि त्याची अर्थ ओझं टाकून बघितली का, की नुसता मल्टिमीटर लावला?

चार, कॅनच्या लाईनचा रोध मोजला का? या गाडीत तो किती यायला हवा आणि किती आला?

पाच, नवं मॉड्यूल टाकूनही बिघाड राहिला तर काय? ते परत घेणार का? काही मॉड्यूल बसवल्यावर गाडीला जुळवून घ्यावी लागतात, तो खर्च यात धरलाय का?

आणि आपल्या बाजूनं दोन गोष्टी. दिवे पेटतात तेव्हा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मात्र गाडी बाजूला उभी करून, किंवा शेजारी बसलेल्याकडून! पाऊस होता का, खड्डा होता का, गाडी गरम होती का, ते लिहा. डॉक्टरला ताप कधी चढतो ते सांगावं लागतं, तसंच हे. आणि गाडीत नंतर जे जे बसवलं, ते अगदी किरकोळ वाटलं तरी सांगा. स्टिअरिंग जड होत असेल किंवा ब्रेकचा दिवा पेटत असेल, तर 'दहा मिनिटांनी आपोआप ठीक होतं' म्हणून गाडी तशीच दामटू नका. एबीएस बंद पडलं तरी साधा ब्रेक सहसा लागतो, पण घसरड्या रस्त्यावर चाक जाम होण्यापासून वाचवणारं कोणी नसतं.

मी परतायच्या आदल्या दिवशी आत्याचं डायलिसिस होतं. पहाटे पाचला आम्ही तिघं निघालो. बाहेर रिमझिम होती. पहिल्या मोठ्या खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा काकांची आणि माझी नजर एकदमच मीटरवर गेली. काटा पस्तिसावर होता, तिथेच राहिला. आत्या मागच्या सीटवर डोळे मिटून पडली होती. तिनं न बघताच विचारलं, "पेटले का दिवे?"

"नाही," काका म्हणाले.

"मग आता तो भोंगा भंगारात द्या," आत्या म्हणाली.

काकांनी हॉर्न काढला, पण भंगारात दिला नाही. तो त्यांच्या टेबलाच्या खणात आहे. खणाशेजारच्या डायरीत ते दर फेरीची नोंद ठेवतात: तारीख, किलोमीटर, पाऊस आहे-नाही, दिवा पेटला-नाही. मागच्या आठवड्यात फोन आला तेव्हा सव्वीस फेऱ्या झाल्या होत्या. शेवटच्या रकान्यात सव्वीस वेळा 'नाही' लिहिलेलं आहे. आणि बँकेतली ती ठेव अजून जागच्या जागी आहे.